मुकादम अरबस्तानातून आले का?

प्रश्न : आमचं आडनाव मुकादम. जात कुणबी, पिढ्यान्‌पिढ्या शेती. मुलाच्या वर्गात याच आडनावाचा एक मुसलमान मुलगा आहे. हे आडनाव अरबी आहे असं ऐकलं. मग आमचे पूर्वज तिकडचे की काय? आणि अशी घरं आणखी कुठे आहेत?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : शब्द अरबी आहे हे खरं, पण त्यावरून पूर्वज अरब ठरत नाहीत. तुमचे नाहीत आणि बहुधा त्या मुलाचेही नाहीत.

‘मुकद्दम’ म्हणजे पुढे ठेवलेला, म्होरक्या. पाऊल या अर्थाचा ‘कदम’ आणि कोर्टातला मुकदमा हे त्याच धातूचे. (कदम आडनावाच्या वाचकांनी दचकू नये, त्यांचं आडनाव कदंब घराण्याशी जोडलं जातं.) वऱ्हाडात हा शब्द आला तो फारसी दप्तरातून. इमादशाही गेली, निजामशाही आली, १५९६ मध्ये मोगल आले. महसुलाचे शब्द मात्र तेच राहिले. ‘ऐन-इ-अकबरी’त आपलं यवतमाळ ‘योत-लोहारा’ या नावाने परगण्याचं ठाणं म्हणून येतं. अशा परगण्यातल्या गावाचा वसूल ज्याच्या मार्फत जमा व्हायचा, तो मुकद्दम. मराठी कागदांत त्याचाच मोकदम झाला. रांझ्याच्या पाटलाला शिवरायांनी दिलेली शिक्षा सगळ्यांना ठाऊक आहे; २८ जानेवारी १६४६ च्या त्याबद्दलच्या पत्रात या पाटलाचा, बाबाजी गुजराचा, उल्लेख मोकदम असाच आहे.

इंग्रजी अमलात वर्धा नदीच्या दोन काठांवर दोन तऱ्हा दिसतात. पलीकडे मध्यप्रांतातल्या मालगुजारी गावांत मुकद्दम हा कायद्याने मानलेला गावप्रमुख होता. अलीकडे वऱ्हाडात तेच काम पाटलाकडे. पुढे शब्द आणखी खाली उतरला आणि मजुरांच्या टोळीवर देखरेख करणारा तो मुकादम झाला : जिनिंगमधला, सडकेच्या कामावरचा, नगरपालिकेच्या सफाईचा. आज तर कारखान्याकडून उचल घेऊन ऊसतोड टोळी बांधणारा मुकादमच आधी आठवतो. त्यामुळे ‘आमच्याकडे पूर्वी गावची पाटीलकी होती’ असं या आडनावावरून लगेच ठरवू नये. पणजोबा गावाचे म्होरके असतील किंवा गँगचे. दोन्ही शक्य आहे.

पदाचं आडनाव होणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मूळचे राठोड; तांड्याचं नायकपण घरात होतं म्हणून नाईक. पद जातीधर्म पाहून चिकटत नसल्याने मुकादम हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही, कोकणी मुसलमानांत तर विशेष. दोन मुकादमांचं नातं आडनावावरून जुळवायला गेलात तर फसाल. सराफ आणि मुजुमदार ही आडनावंही अशीच अरबी मुळाच्या हुद्द्यांवरून आलेली आहेत, ती लावणाऱ्यांना मात्र कुणी अरबस्तानचा पत्ता विचारत नाही.

महाराष्ट्राबाहेर पाहाल तर इराणात मोगद्दम हे चांगलंच रुळलेलं आडनाव आहे. अल्जेरियात जन्मलेल्या कादंबरीकार मलिका मोकद्देम यांचं आडनावही हेच. मोरोक्कोत मोकद्देम हा आजही मोहल्ल्याच्या पातळीवरचा सरकारी माणूस आहे. आपल्याकडे घरं नेमकी किती, ते जनगणनेतून कळत नाही. ती आडनावनिहाय आकडे प्रसिद्ध करत नाही.

तुमच्या घराचा शोध मात्र जिल्ह्यातच लागू शकतो. तहसील कार्यालयात जुन्या कोतवाल बुकाची नक्कल मागा. तिथे बहुतेकदा आडनाव नसतं. नाव, बापाचं नाव आणि जात असते. मग आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा. ‘मुकादम’ पहिल्यांदा कुठल्या साली लिहिलं गेलं ते सापडलं, तर त्या सुमारास घरात कोण कुठल्या कामावर होतं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि आम्हालाही कळवा.