परिवार अभ्यास : आलेखातली घाई आणि आपली घाई

 

मागच्या दोन बैठकांत तीन-चार घरांतून एकच प्रश्न आला. "मुलगा सकाळी सव्वानऊपासून लाल-हिरव्या आकड्यांचा तक्ता उघडून बसतो. त्याला ऑर्डर फ्लो म्हणतो. रागवावं की समजून घ्यावं?" आम्ही म्हटलं, आधी समजून घेऊ. न समजता रागावलं की मुलं दार लावून घेतात, हे आम्ही आमच्याच घरात पाहिलं आहे.

आमच्या धाकट्या दीरांचा मुलगा चार महिने हेच करत होता. सव्वादोन लाख गेले तेव्हा घरात कळलं. त्यातले दीड लाख दीरांनी निवृत्तीनंतर घराच्या डागडुजीसाठी बाजूला ठेवलेले होते. दीर त्याच्याशी बोलेनात. आम्ही मात्र त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "बाबा रे, हे आम्हाला शिकव." जे शिकलो ते असं.

*१. भाव कसा ठरतो*

भाजीचा ठेला डोळ्यासमोर आणा. ठेलेवाला म्हणतो टमाटर ४२. आपण म्हणतो ४०. दोघं आपापल्या भावावर थांबलेत, तोवर सौदा नाही. मग एखादी बाई येते, तिला स्वयंपाकाची घाई आहे, ती ४२ देऊन मोकळी होते. किंवा संध्याकाळ झाली, माल उरला, तर ठेलेवालाच म्हणतो, घ्या ४० ने. सौदा दोन्ही वेळा झाला. पहिल्यात घाई घेणाऱ्याची होती, दुसऱ्यात विकणाऱ्याची.

बाजारातही तेच. घेणारे ज्या भावावर थांबलेत तो बिड, विकणारे थांबलेत तो आस्क. थांबलेल्या ऑर्डरला लिमिट ऑर्डर म्हणतात. "मिळेल त्या भावात द्या" ही मार्केट ऑर्डर. "आज खरेदी जास्त झाली" असं लोक म्हणतात, पण प्रत्येक सौद्यात जितकं घेतलं जातं तितकंच विकलं जातं. जास्त असते ती एका बाजूची घाई. ऑर्डर फ्लोचा तक्ता ही घाई मोजतो. एवढं एक वाक्य कळलं की पुढचं सोपं आहे.

*२. तक्ता कसा वाचायचा*

निफ्टी हा ५० कंपन्यांचा निर्देशांक. तो स्वतः विकत घेता येत नाही, त्याचा वायदा म्हणजे फ्युचर घेता येतो. राष्ट्रीय शेअर बाजारात हा वायदा १२ जून २००० पासून आहे. मुलं बहुधा याचाच तक्ता बघतात. पाच मिनिटांच्या एका काडीत, म्हणजे कॅण्डलमध्ये, प्रत्येक भावासमोर दोन आकडे असतात. डावीकडे घाईने विकलेले, उजवीकडे घाईने घेतलेले. समजण्यासाठी छोटे आकडे घेऊ :

भाव १०१ : डावीकडे ४०, उजवीकडे २२०
भाव १०० : डावीकडे १५०, उजवीकडे १८०
भाव ९९ : डावीकडे २१०, उजवीकडे ६०

उजवीकडची बेरीज ४६०, डावीकडची ४००. फरक अधिक ६०. याला डेल्टा म्हणतात. खाली विकणाऱ्यांची घाई होती, वर जाताना घेणाऱ्यांची झाली, असं ही काडी सांगते. दिवसभराचे डेल्टा जोडत गेलं की एकत्रित डेल्टाची रेघ बनते.

आता खरी मेख बघा. समजा भाव १०२ वर उजवीकडे ५०० आणि डावीकडे ३० आले. केवढी खरेदी! पण भाव १०२ च्या वर हलतच नाही. का? तिथे कोणीतरी मोठा विक्रेता शांतपणे लिमिट ऑर्डर लावून बसलाय आणि येणाऱ्या सगळ्या घाईला माल देतोय. याला शोषण किंवा ॲब्सॉर्प्शन म्हणतात. घाईचे लोक संपले की भाव बऱ्याचदा खाली येतो. नवशिका उजवीकडचा मोठा आकडा पाहून त्याच क्षणी घेतो. आमच्या पुतण्याने नेमकं हेच अनेकदा केलं होतं.

*३. तक्ता काय सांगत नाही*

• वायदा घेणारा तेजीवालाच असतो असं नाही. मोठ्या संस्था एकीकडे शेअर विकतात, दुसरीकडे वायदा घेतात. आपल्याला त्यातली एकच बाजू दिसते.

• थांबलेल्या ऑर्डरी सौदा होण्याआधी काढून घेता येतात. नुसता देखावा करायला मोठी ऑर्डर लावून काढून घेणं ही फसवणूक आहे, सेबीच्या नियमात तिला मनाई आहे. तरी पडद्यावर दिसणारी प्रत्येक ऑर्डर खरी मानू नये.

• घरी येणारी माहिती प्रत्येक सौद्याची नसते. ती सेकंदाला थोड्या वेळा घेतलेल्या फोटोसारखी येते. मधले सौदे कोणाच्या घाईचे होते, हे सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. बाजाराच्या यंत्राशेजारी आपली यंत्रं ठेवणाऱ्या संस्थांना मात्र सौद्यागणिक माहिती मिळते.

• खर्च. २० नोव्हेंबर २०२४ पासून नव्या वायद्याची किमान किंमत १५ लाख रुपये ठरली. खिशातून त्याचा एक हिस्साच ठेवावा लागतो, म्हणून ते लहान वाटतं. पण भाव एक टक्का हलला की १५,००० रुपये इकडचे तिकडे. विक्रीवरचा व्यवहार कर १ ऑक्टोबर २०२४ ला ०.०२ टक्के झाला, म्हणजे त्या दराने १५ लाखांवर ३०० रुपये. दलाली आणि बाकीचे आकार वेगळे. दिवसात पाच वेळा घेतलं-विकलं तर जोडून बघा.

*४. समोर कोण बसलंय*

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते, आणि ७२ टक्क्यांहून जास्त लोक पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे. म्हणजे हा काही मुंबई-दिल्लीपुरता प्रश्न नाही. नफा कोणाला? मोठ्या संस्थांना, आणि तोही जवळजवळ सगळा संगणकाच्या आज्ञावलीने केलेल्या सौद्यांतून. आपलं पोर एकटं खोलीत बसून अशा यंत्रांपुढे घाई करतं.

*५. वहीचा प्रयोग*

आम्ही पुतण्याला "बंद कर" म्हटलं नाही. म्हटलं, वीस दिवस एक पैसा न लावता फक्त वही लिही. तीन रकाने : घाई कोणाची, अर्ध्या तासाने भाव कुठे, आणि त्या वेळी माझं मन कसं होतं.

वीस दिवसांत ४६ नोंदी झाल्या. २७ वेळा घाईची दिशा आणि भाव जुळले, १९ वेळा नाही. एवढ्याशा नोंदींवरून काही सिद्ध होत नाही, आणि खर्च तर धरलाच नव्हता. मग आम्ही त्याचे जुने खरे सौदे काढून वहीशेजारी ठेवले. तिथे तो गप्प झाला. मोठे तोटे तक्ता चुकीचा वाचल्याने झालेच नव्हते. एक तोटा झाल्यावर पाच-दहा मिनिटांत, तक्त्याकडे न बघता, "आत्ताच भरून काढतो" म्हणून केलेले सौदे होते ते. तो म्हणाला, "काकू, तक्त्यात मी दुसऱ्यांची घाई शोधत होतो. त्यात माझीपण होती."

सत्संगात मन स्थिर ठेवण्याविषयी आपण इतकं ऐकतो. आम्हाला वाटायचं ते जपाच्या वेळेपुरतं आहे. ते सव्वानऊ ते साडेतीनलाही लागू आहे.

गेल्या रविवारी दीर आणि पुतण्या दोघांना घेऊन आम्ही फूलबागेत फिरायला गेलो. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी बसलो असताना त्याने वडिलांना आपणहून सगळा हिशेब सांगितला, आम्हालाही माहीत नसलेल्या चाळीस हजारांच्या उसनवारीसकट. दीर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी ते चाळीस फेडू." पैसे परत आलेले नाहीत, छत अजून गळतंय. पण घरात बोलणं सुरू झालंय. मुलगा सध्या नोकरी शोधतोय, वही चालू आहे, खात्यात पैसे नाहीत.

*या आठवड्याचा गृहपाठ*

१. घरात कोणी हे करत असेल तर त्याच्या शेजारी अर्धा तास बसा. फक्त विचारा, "ही घाई कोणाची?" उपदेश नको.

२. गेल्या सहा महिन्यांचा नफा-तोट्याचा हिशेब, खर्च आणि उसने पैसे धरून, एका कागदावर लिहायला सांगा. कागद पाहून ओरडायचं नाही, हे आधी कबूल करा.

३. फी, औषधपाणी, लग्न, घर यांचे पैसे यात जाणार नाहीत, हे सगळ्यांनी मिळून ठरवा.

४. आपल्या समूहात "खात्रीचा कॉल" कोणी पाठवला तर पुढे पाठवू नका, मग पाठवणारा कितीही जवळचा असो.

बैठकीला येताना कागद आणू नका, तो घरातच राहू द्या. अनुभव तेवढा आणा. हा पाठ रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचावा, मुलांनाही बसवून.

जय गुरुदेव 🙏