रानातील संगीतगृह

ऐकणे ही क्रिया शिकावी लागत नाही, असा बहुतेकांचा समज असतो. परंतु वर्गात गुरुजींचे शब्द कानांवर पडले म्हणजे ते ऐकले गेलेच असे नाही, हे परीक्षेच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्ययास येते. कानांवर पडणे आणि ऐकणे यांतील हा भेद उत्तम रीतीने दाखवून देणारी एक साधी लाकडी इमारत अमेरिकेतील एका रानात उभी आहे. तिची हकीकत आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहो.

न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल नावाच्या डोंगरांच्या आश्रयास वुडस्टॉक हे गाव आहे. हर्वी व्हाइट नावाच्या लेखकाने १९०५ साली या गावाजवळ जमीन घेतली आणि तेथे चित्रकार, लेखक, वादक अशा गुणी परंतु अल्प मिळकतीच्या लोकांची वसाहत वसविली. तिला त्याने 'मॅव्हरिक' हे नाव दिले. मालकाच्या खुणेचा डाग ज्यास दिलेला नाही, अशा मोकळ्या वासरास त्या देशात मॅव्हरिक म्हणतात. पुढे आपल्याच वाटेने जाणाऱ्या माणसासही तो शब्द लावू लागले. पाण्यासाठी विहीर खणावी लागली, तेव्हा तिचा खर्च डोईजड झाला. तो भागविण्याकरिता १९१५ च्या उन्हाळ्यात व्हाइटने तेथेच एक मोठा उत्सव भरविला. तो लोकांस इतका आवडला की पुढे १९३१ पर्यंत दर वर्षी भरत राहिला. १९१६ साली वसाहतीतील वादकांसाठी रानात एक संगीतगृहही उभारण्यात आले.

झाडांखाली बसून वाजविण्याची सोय असता इमारत कशास हवी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. मोकळ्या जागेत ध्वनी चोहोंकडे पसरतो. वादकापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. दिवाणखान्यात भिंती व छत यांवर आदळून तो पुन्हा श्रोत्याकडे वळतो. रानात त्यास परत पाठविणारे असे काही नसते. उलट पाचोळ्याची मऊ जमीन ध्वनीचा पुष्कळ अंश शोषून घेते, आणि पाने व बुंधे उंच स्वरांस इतस्ततः विखरून टाकतात. चार वादकांनी लहान दालनात वाजविण्याचे कोमल संगीत अशा ठिकाणी दहाव्या रांगेपर्यंतही नीट पोहोचणे कठीण.

यास्तव वादकांच्या मागे व वर लाकडी तक्तपोशी असावी, आणि श्रोत्यांकडील बाजू मात्र वनास मोकळी असावी, अशी योजना करण्यात आली. मोठी दारे उघडली म्हणजे आतील स्वर बाहेर झाडांखाली बसलेल्यांस ऐकू येतात, आणि बाहेरील पक्ष्यांचा व पानांचा आवाज आत येतो. १९१६ पासून दर उन्हाळ्यात तेथे मैफली होत आल्या आहेत. इतकी दीर्घ व अखंड परंपरा असलेला या प्रकारच्या संगीताचा दुसरा उन्हाळी उत्सव अमेरिकेत नाही, असे मानले जाते. १९६९ सालच्या ज्या प्रचंड संगीतमेळ्यास वुडस्टॉकचे नाव मिळाले, तो मात्र या गावी नव्हे, तर दूर बेथेल येथे भरला होता. त्या दोहोंची गल्लत होऊ नये.

आता या गृहातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग सांगतो. २९ ऑगस्ट १९५२ च्या रात्री डेव्हिड ट्यूडर नावाचा वादक पियानोपुढे येऊन बसला. जॉन केज या रचनाकाराची एक नवी कृती तो सादर करणार होता. त्याने पट्ट्यांवरील झाकण लावून घेतले, घड्याळाकडे दृष्टी ठेविली, आणि एकही पट्टी दाबली नाही! कृतीचे तीन भाग होते. भाग संपला की तो झाकण उघडी व नव्या भागाच्या आरंभी पुन्हा लावी. चार मिनिटे तेहतीस सेकंद झाल्यावर तो उठला. कित्येक श्रोते चिडले. आपली थट्टा झाली असे त्यांस वाटले. केजने मात्र पुढे सांगितले की तेथे शांतता मुळीच नव्हती. पहिल्या भागात बाहेर वारा वाहत होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब वाजू लागले, आणि तिसऱ्यात श्रोत्यांचीच कुजबुज व उठून जाणाऱ्यांची चाहूल ऐकू येत होती.

ही केवळ लहर नव्हती. त्यापूर्वी केज हार्वर्ड विद्यापीठातील एका ध्वनिशोषक खोलीत गेला होता. तेथे त्यास पूर्ण निःशब्दता अनुभवावयाची होती. परंतु दोन बारीक आवाज त्यास ऐकू आले, एक उंच व एक खालचा. खालचा आवाज तुमच्याच रक्ताभिसरणाचा, असे तेथील अभियंत्याने सांगितले. जिवंत माणसास संपूर्ण शांतता लाभत नाही, हे त्यास त्या दिवशी पटले.

सुमारे वीस वर्षांनंतर हाच विचार दुसऱ्या एका रचनाकारास आजारपणात सुचला. १९७५ साली इंग्लंडात ब्रायन ईनो अपघातामुळे अंथरुणास खिळून होता. वीणेसारख्या हार्प नावाच्या वाद्याची तबकडी त्याच्या खोलीत लागली होती. परंतु आवाज फार मंद होता आणि उठून तो वाढविण्याची त्याच्या अंगी शक्ती नव्हती. तेव्हा पावसाचा आवाज व खोलीतील उजेड यांत ते स्वर मिसळून गेले, आणि संगीत भोवतालच्या परिसराचा एक भाग होऊ शकते हे त्याच्या ध्यानी आले. पुढे १९७८ मध्ये त्याने अशा संगीतास 'अ‍ॅम्बियंट', म्हणजे परिसर-संगीत, हे नाव दिले.

केजची कृती संगीत म्हणावी की नाही, यावर विद्वानांत आजही मतभेद आहेत. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते इतकेच की, त्या रात्री वारा व पाऊस सर्वांसाठी सारखेच होते. काहींनी ते ऐकले, काहींस केवळ राग आला. पवित्र शास्त्रातील एलीया संदेष्ट्यास परमेश्वर सोसाट्याच्या वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत आढळला नाही. त्यांमागून आलेल्या मंद वाणीत आढळला. ती वाणी ऐकू येण्यास एलीयाचे कान तयार होते, हेही विसरून चालणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, हा पाठ तुम्हांस विनाखर्च करता येईल. शाळेच्या आवारातील एखाद्या झाडाखाली पाच मिनिटे न बोलता बसा. जे जे आवाज कानी येतील, त्यांची नंतर वहीत नोंद करा: कोणता जवळचा, कोणता दूरचा, कोणता सतत, कोणता थांबून थांबून. आठ दिवसांनी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा बसा आणि दोन्ही याद्या ताडून पाहा. पालकांसही विनंती की त्यांनी एखाद्या सायंकाळी घरातील रेडिओ व दूरदर्शन बंद करून मुलांबरोबर हा प्रयोग करावा. दुसरी यादी पहिलीहून लांब झाली, तर आवारात नवे आवाज आले असे समजण्याची घाई करू नका. बहुधा तुमचे कान अधिक ऐकू लागलेले असतील.