आकड्याला एकटं सोडू नकोस

पोरी, तुझ्या आईचा फोन आला तेव्हा मी पडवीत गव्हाला ऊन दाखवत बसलो होतो. म्हणाली, "दादा, तिची पाणथळ व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला निवड झाली. काय काय न्यायचं ते तूच सांग तिला." तिला वाटलं असेल मी गमबूट आणि टोपीची यादी देईन. गमबूट घे, पण मापाचे घे. सैल बूट चिखल काढून घेतो आणि माणूस एका पायावर बगळ्यासारखा उभा राहतो. साहेबांसमोर एकदा माझं तसं झालं आहे. यादी इथं संपली.

पाणथळींसाठीचा रामसर करार १९७१ चा, इराणातल्या रामसर गावी झालेला, तारीख २ फेब्रुवारी. ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा खोल नसलेलं समुद्राचं पाणीही पाणथळीत धरतात. हे सगळं पहिल्याच दिवशी पडद्यावर दाखवतील आणि परीक्षेला विचारतील. मी सांगतो ते कोणी विचारणार नाही. मीही १९८० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या वाल्मीत, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत शिकलो. तिथं हिशेब पक्का झाला. हिशेबात घालायचा आकडा कुठून येतो, हे मात्र मला काठावरच्या माणसांनी शिकवलं, आणि बहुतेक वेळा मी चुकल्यावर.

पहिली चूक वेळेची. एका गावतळ्याचं पाणी तपासायला गेलो होतो. पोचायला दुपारचे तीन वाजले. पाणी हिरवंगार, शेवाळानं दाटलेलं. विरघळलेला ऑक्सिजन मोजला तर लिटरला अकरा मिलिग्रॅम. पंचवीस अंशाच्या स्वच्छ पाण्यात तो सव्वाआठच्या आसपास मावतो, म्हणजे इथं भरभरून होता. मी अहवालात "पाणी उत्तम" लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी तळ्यात मेलेल्या माशांचा खच पडला. मासेमारी करणारे आजोबा मला म्हणाले, "साहेब, तुम्ही दुपारी आलात. पहाटे आला असतात तर मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले असते."

त्यात गूढ काही नाही. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळातला कुजका गाळ मिळून तो ओढतात. म्हणून दिवसातला सगळ्यात वाईट आकडा सूर्य उगवण्याआधी मिळतो. तळ्याची खरी तब्येत बघायची तर पहाटे जा आणि दुपारी परत जा. या दोन आकड्यांत जितकं जास्त अंतर, तितकं ते तळं खतानं नाहीतर सांडपाण्यानं माजलेलं समज. सामू, म्हणजे पीएच, त्याचंही तसंच, तो दुपारी चढतो. आता हातात धरायची यंत्रं आली आहेत, पण जुनी विंकलरची रीत एकदा हातानं करून बघच. काचेच्या बाटलीत बुडबुडा न ठेवता पाणी भरायचं आणि दोन द्रावणं तिथंच काठावर घालायची. साका तपकिरी बसला तर ऑक्सिजन आहे. पांढरा बसला तर नाही. तो पांढरा साका एकदा डोळ्यांनी पाहिलास की पडद्यावरच्या शून्याचा अर्थ कळेल. आणि बाटल्या त्याच पाण्यानं तीनदा विसळायच्या, पण जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली विसळायची नाही. निम्मे प्रशिक्षणार्थी ती घाईघाईत विसळतात. तुझ्या शेजारी बसणारा नक्की विसळेल, बघ.

दुसरी चूक शून्याची, आणि ती मला अजून टोचते. पुरात एका तलावाची गेज पट्टी वाकली. आम्ही ती सरळ करून बसवली, रंग दिला, आकडे टाकले. तलांक मात्र पुन्हा तपासला नाही. लेव्हलिंग करणारा माणूस दुसऱ्या कामावर होता, आणि आम्ही म्हटलं, चार बोटं इकडेतिकडे. अख्खा हंगाम कागदावर तलाव भरलेला राहिला. त्या भरवशावर सिंचनाच्या पाळ्या ठरल्या आणि शेवटची पाळी द्यायला पाणीच उरलं नाही. बैठकीत एक म्हातारा उठला नि म्हणाला, "औंदा मारुतीच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलंच नव्हतं. तुम्ही कशावरनं भरला म्हनता?" त्याची पायरी कधी वाकली नव्हती. तेव्हापासून कुठल्याही तलावावर गेलो की मी आधी विचारतो, भरल्या तलावाचं पाणी कुठवर येतं? प्रत्येक गावाची एखादी पायरी असते, एखादा खडक असतो, बाभळीचं खोड असतं. ते पट्टीशी ताडून वहीत लिहून ठेव. पट्टी हलली तर किती हलली ते तेवढ्यानं कळतं.

एककांचं थोडक्यात सांगतो, कारण सगळे तिथंच गोंधळतात. नद्या आपल्याकडे क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) वाहतात, धरणं टीएमसीत (अब्ज घनफूट) भरतात, अहवाल दलघमीत (दशलक्ष घनमीटर) लिहितात आणि शेतकरी मोटर किती तास चालली ते सांगतो. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. एवढं पाठ असलं की पावसाळ्यात नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा विसर्ग बातमीत आला की खालच्या जायकवाडी धरणाकडे दिवसाला किती गेलं ते जेवता जेवता सांगता येतं. आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. बस.

आता पक्षी. तुमच्या शिबिरात पक्षीगणना असणारच. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, १९८७ पासून. सूर्य पाठीशी ठेव. आधी दहा पक्षी मोजून त्यांचा थवा केवढा दिसतो ते डोळ्यात बसव, मग त्या मापानं शंभर, मग हजार. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि वह्या नंतरच एकत्र करायच्या, नाहीतर दुसऱ्याचा आकडा आपल्या तोंडी येतो. एकही चक्रवाक दिसला नाही तर शून्य लिही, रकाना कोरा ठेवू नकोस. कोऱ्या रकान्याचा अर्थ 'पाहिलंच नाही' असाही होतो.

एका जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला मी थापट्या आणि तलवार बदकं मोजली. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर निम्मीही नव्हती. चिखलात टिपणारे शेकाटे तर जवळजवळ दिसेनात. मी तावातावानं टिपण लिहिलं की काठावर वर्दळ वाढली, पक्षी उठले. कालव्यावरच्या चौकीदारानं ते वाचलं आणि हसला. मधल्या आठवड्यात कालव्याच्या आवर्तनासाठी वरच्या धरणांतून पाणी आलं होतं, फुगवट्यात पातळी चढली होती आणि उथळ चिखल सगळा पाण्याखाली गेला होता. शेकाट्याच्या पायांची उंची ती केवढी! तो दुसरीकडे जाणारच. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, त्याच्या फुगवट्यात गाळ साचला आणि त्या गाळातून ही पाणथळ झाली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते हेच. तिथं पक्ष्यांचा आकडा वाचायचा तर शेजारी पाण्याचा आकडा हवा आणि पाण्याच्या आकड्याशेजारी आवर्तनाचं वेळापत्रक हवं. वनखात्याच्या टेबलावर पक्षी असतात, पाटबंधाऱ्याच्या टेबलावर पाणी. दोन्ही टेबलांवर चहा पिणारा माणूस लागतो. तो तू हो. चहा आवडत नसला तरी.

माणसांचं सांगताना जरा वेळ घेतो. राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव तुम्हाला शिकवतील. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तिथली गुरं चारणं बंद केलं. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. आपल्याच गावच्या चराईसाठी माणसं मेली, हे आधी लक्षात ठेव, पुढचं नंतर. पुढचं असं की म्हशी गेल्या आणि पास्पालम जातीचं गवत माजलं. त्यानं उघडं पाणी झाकून टाकलं आणि बदकांना उतरायला जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं तिथं अनेक वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष निघाला की ते गवत म्हशीच आटोक्यात ठेवत होत्या. बंदी घालणारी माणसं वाईट नव्हती. त्यांनी म्हैस मोजली ती नुकसानीच्या रकान्यात, आणि ती काय खाते ते विचारलंच नाही.

म्हणून तुला नांदूरमध्यमेश्वरला नेतील तेव्हा दुर्बीण खाली ठेवून काठाकडे बघ. तिथल्या खाणगाव थडी गावाच्या नावातच नदीचा काठ आहे. पाणी उतरत गेलं की मोकळ्या झालेल्या गाळावर लोक गहू, हरभरा पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. पक्षीवाल्याला ते अतिक्रमण दिसतं, पेरणाऱ्याला आज्यापासूनचा हक्क. मी तुला कोणाची बाजू घे म्हणत नाही. मला स्वतःला दोन्ही वाटतात, कधी कधी एकाच दिवशी. पण नकाशा काढशील तेव्हा गाळपेराची हद्द, पेरणीचा महिना आणि तिथं कोणती फवारणी होते, एवढं तरी त्यावर असू दे.

पूर्वेकडं, भंडारा-गोंदियात, तळी वेगळी. मालगुजारी तलाव, कोहळी लोकांनी बांधलेले, शेकडो वर्षांचे. तिथं मी पाहुणा म्हणून गेलो होतो. ढिवर या मासेमार समाजातल्या बायका तळ्यात उतरून बेशरमाची झुडपं मुळासकट उपटत होत्या आणि दुसऱ्या तळ्यातून आणलेल्या पाणवनस्पती तिथं लावत होत्या. मी विचारलं, मासे वाढवायचे तर गवत कशाला लावता? त्यातल्या एकीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी नापास झालो हे कळलं. मग तिनं सांगायला घेतलं, कुठला मासा कुठल्या झाडाशी अंडी घालतो, कुठला त्याच्या सावलीत राहतो. रोहू-कटल्याचं बीज सोडलं की तळ्याची प्रगती झाली, असं आम्ही धरत आलो होतो. तिच्या हिशेबात तळं म्हणजे आधी गवत, मग मासे. तुझ्या अभ्यासक्रमात 'स्थानिक ज्ञान' नावाचं एक प्रकरण असेल, बहुधा शेवटचं, आणि ते घाईत उरकतील. तू ते पहिलं वाच.

जलपर्णीबद्दल एवढंच. ती काढायला यंत्र येतं, फोटो निघतात, ढीग काठावर रचतात. तो ढीग कुजून पुन्हा पाण्यातच उतरतो. ती पोसणारं सांडपाणी वरच्या शहराकडून येतच असतं, त्यामुळे थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा हिरवं. ढीग कुठं नेला आणि नाल्याचं तोंड कुठं आहे, हे दोनच प्रश्न विचारायचे. उत्तर मिळालं नाही तरी विचारायचे.

कायद्याच्या तासाला झोपू नकोस. २०१७ च्या पाणथळ नियमांत व्याख्या मोठी आहे, पण तिच्यातून नदीचं पात्र, भातखाचरं, आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी माणसानं केलेले पाणीसाठे वगळले आहेत. आपल्या राज्यात असेच पाणीसाठे जास्त, आणि पक्ष्याला ते नियम वाचता येत नाहीत. कोणी म्हणालं "ही पाणथळ नाही", तर विचार, पाण्यात नाही की कागदात नाही? ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पुढं अर्जात कोणतं लिहायचं ते त्यावर ठरतं.

आता उरलंसुरलं. पेन्सिलीनं लिही, शाई पाण्यात पसरते. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा, आभाळ आणि शेवटी, तू कोणाशी बोललीस. नाव नको, काम लिही: मासेमार, गुराखी, चौकीदार, कपडे धुणारी. दहा वर्षांनी आकडा पटला नाही तर त्या ओळीवरून तुला सगळं आठवेल. चिखलात एकटीनं उतरायचं नाही, आधी काठी घालून बघायची. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात नाहीच. आणि पहाटेच्या मोजणीला उसातल्या पायवाटेनं जाऊ नकोस. नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला, निफाडच्या उसात बिबट्या असतो आणि त्यालाही पहाटेचीच वेळ सोयीची पडते. डांबरी रस्त्यानं जा, दहा मिनिटं उशीर झाला तर उशिराची वेळ लिही.

माझी खोली मोजायची काठी दारामागं उभी आहे, ती घेऊन जा. सागाची आहे, खुणा मीच कोरल्यात. एकदा सांडव्याच्या दगडात अडकून तिचं खालचं टोक मोडलं, तेव्हा खालून चार सेंटिमीटर गेलेत. प्रत्येक वाचनातून चार वजा करायचे. काठीवर ते कुठं लिहिलेलं नाही, म्हणून आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घे.