गुरगुरतंय? गुरगुरू द्या

थंडी ओसरायला लागली की पशुवैद्यकाच्या दवाखान्यात एक ठरावीक मंडळी दिसू लागतात. कुशीत दोन-अडीच महिन्यांचं गावठी पिल्लू, हातांवर कोपरापर्यंत ओरखडे आणि चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा माजाचा काळ बराचसा पावसाळ्याच्या अखेरीस येतो, त्यामुळे पिल्लं हिवाळ्यात जन्मतात. त्यांतलं एखादं गटारीत नाहीतर गाडीखाली सापडतं, दया येऊन कुणीतरी घरी नेतं आणि थोड्याच दिवसांत माझ्यासमोर प्रश्न येतो, "डॉक्टर, आम्ही याला वाचवलं आणि हा आम्हालाच चावतो?"

उपकाराची जाण वगैरे हिशेब त्याच्या डोक्यात नाही हो. त्याच्या हिरड्या शिवशिवताहेत. शिवाय भावंडांशी मस्ती करताना किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ मोडतो, हे ते ज्या वयात शिकतं त्या वयात ते तुमच्या घरी आलं. आई आणि भावंडं निदान आठ आठवडे मिळाली, तर हा धडा बराचसा तिथेच होतो. नाही मिळाली, तर तो तुम्हालाच द्यावा लागतो. दुधाचे 28 दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत 42 पक्के दात येतात. तोवर दिसेल ते चावणार. यात आजार कुठलाही नाही.

पण मी विचारतो, "आतापर्यंत काय काय केलंत?" आणि उत्तर ऐकून माझाच पारा चढतो. वर्तमानपत्राची सुरळी करून नाकावर मारलं. तोंड दाबून धरलं. हाताला मिरची चोळली. एका गृहस्थांनी तर पिल्लाच्या कानाला स्वतः चावून पाहिलं होतं. आणि हल्ली सर्रास ऐकू येतं ते म्हणजे, "व्हिडिओत दाखवलंय, उताणं पाडून मानेवर हात दाबून धरायचा. घरात बॉस कोण ते त्याला कळलं पाहिजे."

हा बॉसचा गैरसमज भलताच चिवट आहे. त्याचं मूळ सांगतो. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहून ठेवलं. एकाच कुंपणात सक्तीने राहणारे लांडगे वर्चस्वासाठी भांडत, त्यावरून 'अल्फा' ही कल्पना रुजली. पुढे डेव्हिड मेक यांच्या 1970 सालच्या पुस्तकाने ती जगभर नेली. याच मेक यांनी जंगलातल्या लांडग्यांमध्ये वर्षानुवर्षं काम केल्यावर 1999 साली लिहिलं की तिथला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, साधं कुटुंब. लांडग्यांच्या अभ्यासकाने कल्पना सोडून दिली. आपल्या सोसायटीतले ट्रेनर मात्र अजून धरून बसलेत. आणि तुमच्या घरी आलेला जीव लांडगा नाही, भेदरलेलं कुत्रं आहे.

मार खाऊन ते काय शिकतं? तोंडाकडे येणारा हात वाईट, एवढंच. आणि दुसरी गोष्ट शिकतं ती जास्त धोक्याची: गुरगुरायचं नाही.

चिंगीचं उदाहरण देतो (नाव बदललंय). दोनेक वर्षांची, कुटुंबाने रस्त्यावरून आणलेली, शांत कुत्री. धाकट्या मुलाने डोक्यावरून हात फिरवला की गुरगुरायची. ट्रेनरने उताणं पाडण्याचा प्रयोग सुचवला, घरच्यांनी तो निष्ठेने केला आणि गुरगुरणं खरंच थांबलं. "सुधारली डॉक्टर," असा निरोपही आला. मग एका संध्याकाळी मुलगा तिच्याशेजारी टीव्ही बघत बसला असताना तिने त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. "काही इशारा न देता चावली," असं आईचं म्हणणं. तपासलं तर दोन्ही कान आतून लालभडक सुजलेले, घाण वास, हात लावू देईना. ती इतके दिवस "दुखतंय" म्हणत होती आणि आपण तिला ते म्हणायची बंदी केली होती. रेल्वे फाटकावरची घंटा डोकं उठवते म्हणून काढून टाकली, तरी गाडी यायची थांबत नाही. कानांवर उपचार झाले, मुलाला तिला त्रास कसा द्यायचा नाही हे शिकवलं, आणि आता दोघं एकत्र टीव्ही बघतात. मध्ये अंतर ठेवून.

म्हणून मोठं कुत्रं अचानक चावरं झालं, तर आधी शिस्त नव्हे, तपासणी. कान, दात, सांधे, शेपटीखालची जखम, गोचीडताप, यांतलं काहीही असू शकतं. आणि घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करतं, मूत्रपिंडं निकामी करतं. "अर्धीच दिली होती" हे वाक्य मला ऐकवू नका. "झोपेची गोळी लिहून द्या, जरा शांत होईल" हेही नको.

मग करायचं काय? पिल्लाचे दात हाताला लागले की हात झटकू नका. झटकलेला हात म्हणजे पळणारी शिकार, ते दुप्पट जोराने धरतं. हात ढिला सोडा, खेळ तिथेच थांबवा, पाठ फिरवा, अर्ध्या मिनिटासाठी खोलीबाहेर जा. परत या, चावायला दोरीची गाठ किंवा रबरी खेळणं द्या, ते धरलं की कौतुक करा. पुन्हा चावलं, पुन्हा बाहेर. कंटाळवाणं आहे, मान्य. पण घरातल्या प्रत्येकाने हेच केलं तर फळतं. आजोबा लाडाने बोटं चावायला देत असतील आणि नातू ओरडून पळत असेल, तर त्या बिचाऱ्याने नक्की काय समजायचं? भावंडासारखं केकाटून दाखवा असंही सांगतात. काही पिल्लं त्याने थांबतात, काही आणखी चेकाळतात. तुमचं चेकाळत असेल तर तो नाद सोडा.

संध्याकाळी अंगात आल्यासारखं घरभर धावून पायजमे फाडणारं पिल्लू बहुतेक वेळा दमलेलं असतं. या वयात दिवसाचे सोळा-अठरा तास झोप लागते आणि आपल्याकडे पाहुणे, मुलं, शेजारी त्याला डोळा लागू देत नाहीत. निवांत कोपरा द्या, तिथे कुणी जायचं नाही. हिरड्यांसाठी ओला करून फ्रीजरमध्ये गार केलेला कपडा लक्ष ठेवून द्या. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या कुसळांनी आतडं फाटतं.

मोठं कुत्रं आणलं असेल, तर पहिले काही आठवडे अंगाशी खेळूच नका. ते आपणहून येऊ दे. जेवताना ताटलीत हात घालून "बघा, काही करत नाही" हे प्रात्यक्षिक कुणालाही दाखवू नका. ओठ सारखे चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पांढरं दाखवत बघणं, अंग ताठ होणं, ही चावण्याआधीची बोली आहे. ती दिसली की मागे सरका आणि मुलांना दूर न्या. गुरगुरल्याबद्दल रागावू नका. घरात लहान मूल असेल तर कुत्र्याला जाळीच्या मुसक्याची सवय हळूहळू, खाऊ देत लावता येते. तोंड आवळून बंद करणारी कापडी मुसकी तासन्‌तास बांधून ठेवू नका, त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत.

आता रागावण्याचा भाग. "आपलंच पिल्लू आहे, दुधाचे दात, त्याला कसलं इंजेक्शन!" रेबीजला वय कळत नाही. रस्त्यावरून आणलेलं, लस न झालेलं पिल्लू कुणाच्या संपर्कात आलं होतं, तुम्हाला माहीत नसतं. दाताचा ओरखडा उठला, रक्त आलं नाही, तरी लस लागते. रक्त आलं तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. जखम ताबडतोब साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तंबाखू काहीही भरू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, म्हणजे माणसांच्या. सरकारी रुग्णालयातही ही लस मिळते. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली, आता दंडात मोजके डोस असतात. "कुत्रं दहा दिवस बघू, मग ठरवू" असं नाही. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं ते लस सुरू करून. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून इथे मी कुणाची भीड ठेवत नाही. पिल्लाला पहिली रेबीज लस तीन महिन्यांचं झाल्यावर, मग बूस्टर, मग दरवर्षी.

एक जुनी समजूतही काढून टाका: "पाणी पितंय म्हणजे रेबीज नाही." पाण्याची भीती माणसाला होते, पिसाळलेलं कुत्रं पाणी पिऊ शकतं. आवाज बदलणं, लाळ गळणं, जबडा लोंबणं, लाकूड-दगड चावत सुटणं, ओळखीच्या माणसावर धावणं किंवा उलट कोपऱ्यात दडून बसणं, मागचे पाय लुळे पडणं, यांतलं काही दिसलं तर त्याला कोंडा आणि फोन करा. घशात हाड अडकलंय असं वाटून तोंडात हात घालू नका. काही जण हे नेमकं तेव्हाच करतात.

बाकी पिल्लांचं म्हणाल, तर सहा-सात महिन्यांत बहुतेक जण बोटं सोडून देतात. मोठ्यांना महिने लागतात. महिनाभर नेटाने करूनही चावे वाढतच असतील किंवा कातडी फाटत असेल, तर मात्र थांबू नका, घेऊन या. येताना घरातला एखादा व्हिडिओ आणा. त्यात मला दहा मिनिटांच्या तपासणीपेक्षा जास्त दिसतं. तो काढण्यासाठी त्याला मुद्दाम डिवचू नका म्हणजे झालं.