उजाड द्राक्षबाग पुन्हा उभी करताना : शोमालीचा धडा

द्राक्ष बागायतदार बंधूंनो, गारपिटीने झोडपलेली किंवा दुष्काळात वाळलेली बाग पाहून तिच्यावर कुऱ्हाड चालवावी की थोडे थांबावे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. अफगाणिस्तानात काबूलच्या उत्तरेस असलेल्या शोमाली मैदानातील शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न युद्धामुळे उभा राहिला. त्यांनी कोणते काम आधी केले व कोणते नंतर, हे आपणही समजून घेण्यासारखे आहे.

बागा कशा उजाड झाल्या?
शोमालीत हिवाळ्यात बर्फ पडतो, तर उन्हाळा कोरडा व कडक असतो. द्राक्षाला व बेदाण्याला हे हवामान मानवते. किशमिशी, हुसैनी, तायफी या तेथील जुन्या जाती होत. आपली थॉमसन सीडलेस ही याच बिनबियांच्या किशमिश गटातील आहे. १९७९ ते १९८९ या काळात सोव्हिएत फौजांशी झालेल्या लढाईत येथे सुरुंग पेरले गेले. पुढे १९९६ नंतर हे मैदान युद्धाची आघाडी बनले. १९९९ मध्ये तालिबानने घरे जाळली, फळझाडे व वेली तोडल्या, पाण्याच्या वाटा बुजवल्या. हजारो कुटुंबे परागंदा झाली. २००१ च्या अखेरीस लोक परतू लागले.

आधी जमीन, मग पाणी
पहिले काम होते सुरुंग काढण्याचे. तपासणी पथके साफ झालेल्या व न झालेल्या जागेच्या हद्दीवर रंगवलेले दगड ठेवत. पांढरा दगड म्हणजे निर्धोक, तांबडा म्हणजे पाऊल टाकू नये. 'रूट्स ऑफ पीस' या १९९७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने सुरुंगमुक्त जमिनीवर पुन्हा द्राक्ष उभे करण्याच्या कामात भाग घेतला. तिच्या संस्थापक हायडी कून यांना २०२३ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

दुसरे काम कारेझचे. डोंगराच्या पायथ्याला मूळ विहीर, तेथून उताराने नेलेले भुयार आणि गाळ काढण्यासाठी वरून खणलेल्या विहिरींची रांग, अशी ही रचना असते. पाणी कोणत्याही यंत्राशिवाय उताराने वाहते. औरंगाबादची मलिक अंबरने बांधलेली नहर याच तत्त्वावर चालते. भुयार एका ठिकाणी ढासळले तरी खालच्या सर्व बागा तहानतात. म्हणून हे काम एकट्याचे नसून गावाचे आहे.

जुनी वेल लगेच काढू नये
शोमालीतील पारंपरिक वेली स्वतःच्या मुळावर वाढवलेल्या असतात. त्यामुळे वेल जमिनीलगत तोडली तरी मूळ जिवंत असल्यास पाणी मिळताच खालून फुटणारा कोंब त्याच जातीचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला वाण अशा रीतीने हाती राहतो. मेलेल्या वेलीची जागा शेजारच्या वेलीची काडी मातीत दाबून भरता येते.

आपल्याकडे मात्र सावध राहावे. डॉगरिज खुंटावर कलम केलेल्या बागेत जोडाच्या खालून आलेली फूट ही खुंटाची असते. ती राखल्यास बाग पाच वर्षे वाढेल, पण आपली द्राक्षे देणार नाही.

जात जुनी, वळण नवे
तेथे वेली खोल चरात लावून मातीच्या उंच वरंब्यावर पसरवण्याची रीत आहे. चरात पाणी टिकते व वाऱ्यापासून आडोसा मिळतो. परंतु घड मातीला टेकतात, हवा खेळत नाही, भुरी वाढते व माल डागाळतो. म्हणून अनेक शेतकऱ्यांनी खांब व तारांचा आधार स्वीकारला. घड अधांतरी राहिल्याने माल स्वच्छ मिळतो आणि गंधकाची धुरळणी सर्वत्र पोहोचते. खर्च मोठा असल्याने हा बदल टप्प्याटप्प्याने करणेच परवडते.

साठवण व बेदाणा
हिरवा बेदाणा करण्यासाठी तेथे मातीच्या जाड भिंतींचे, अरुंद झरोक्यांचे 'किशमिशखाना' बांधतात. त्यात घड सावलीत टांगून वाऱ्यावर वाळवतात. ताजी द्राक्षे ठेवण्यासाठी 'कंगिना' असतो. माती व भुसा कालवून दोन वाडगी घडवतात, उन्हात वाळवतात, आत निवडक, जाड सालीची द्राक्षे ठेवून तोंड चिखलाने लिंपतात. थंड, कोरड्या जागी ती हिवाळाभर टिकतात. त्यामुळे सारा माल हंगामातच स्वस्तात विकण्याची पाळी येत नाही.

आपल्यासाठी सूचना
१) नुकसानीनंतर खोडाची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवी व ओलसर असल्यास वेल जिवंत समजावी.
२) मेलेला भाग जिवंत भागापर्यंत छाटून कापावर बोर्डो पेस्ट लावावी.
३) कलमाच्या जोडावरील एक-दोन जोमदार फुटी राखून बांबूला बांधाव्यात. खालच्या फुटी वेळीच काढाव्यात.
४) पहिल्या वर्षी घड धरण्याचा मोह टाळावा. आधी खोड व ओलांडे तयार होऊ द्यावेत.
५) जुन्या, चांगल्या वेलींवर खूण करून त्यांच्या काड्या दुसऱ्या ठिकाणीही वाढवाव्यात.
६) नवीन मांडवावर खर्च करण्यापूर्वी पाण्याची खात्री करावी.

ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानात सत्ता पुन्हा तालिबानच्या हाती गेली आणि परदेशी मदतीची अनेक कामे थांबली. शोमालीच्या शेतकऱ्यापुढील अडचणी संपलेल्या नाहीत. मात्र बाहेरची मदत येते आणि जातेही. गावाने राखलेले पाणी आणि शेतकऱ्याने सांभाळलेला वाण एवढेच त्याच्या हाती उरते, आणि पुढची बाग त्यावरच उभी राहते. म्हणून बंधूंनो, कुऱ्हाड उचलण्यापूर्वी एकदा साल खरवडून पाहा.