हद, हद्द आणि लिमिट



दहावीनंतर तुमच्यापैकी काही जण विज्ञान शाखेत जातील. पुढे बी.एस्सी.ला किंवा इंजिनियरिंगला गणित घेतले, तर पहिल्याच सत्रात एक विषय समोर उभा राहील. त्याचे नाव कलन. इंग्रजीत त्याला कॅल्क्युलस म्हणतात. त्याची थोडी ओळख अकरावी-बारावीत होते. पण आपल्या शाळांतील पुष्कळ मुलेमुली त्याआधीच घाबरतात. ‘आम्ही उर्दू मीडियमचे, आम्हांला हे कसे जमणार?’ असे म्हणून कुणी गणित सोडते, कुणी विज्ञान शाखाच सोडते. म्हणून या विषयात नेमके काय असते, ते आज पाहू.

एका उंच इमारतीवरून दगड खाली सोडला. तो किती मीटर खाली आला, हे काढण्याची रीत सोपी आहे. सेकंदांचा वर्ग करा आणि त्याला ४.९ ने गुणा. (हवेचा अडथळा आपण धरलेला नाही.) म्हणजे १ सेकंदात ४.९ मीटर आणि २ सेकंदांत १९.६ मीटर. दगडाचा वेग सारखा वाढत असतो. मग सांगा, बरोबर १ सेकंद झाला, त्या क्षणी त्याचा वेग किती?

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. पण एका क्षणात वेळही शून्य आणि अंतरही शून्य! शून्याने भागता येत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. यावर उपाय असा, की वेळ शून्य घ्यायचा नाही, पण लहान लहान करत जायचा. १ ते २ सेकंद या काळातील सरासरी वेग सेकंदाला १४.७ मीटर येतो. १ ते १.१ सेकंद घेतले, तर १०.२९. १ ते १.०१ घेतले, तर ९.८४९. १ ते १.००१ घेतले, तर ९.८०४९. उत्तर कुठे चालले आहे, ते दिसते ना? ९.८ कडे. या ९.८ ला त्या वेगांची सीमा म्हणतात. इंग्रजीत लिमिट आणि आपल्या उर्दूत हद. मराठी माणूस ‘गावाची हद्द’ म्हणतो, तोच हा शब्द!

आता हेच बीजगणिताने करू. १ सेकंदानंतरच्या छोट्या वेळाला ‘क्ष’ म्हणा. (१ + क्ष) चा वर्ग म्हणजे १ + २क्ष + क्ष². त्यातून १ वजा केला, ४.९ ने गुणले आणि क्ष ने भागले, की सरासरी वेग ४.९ × (२ + क्ष) एवढा येतो. क्ष शून्याजवळ नेला, की ९.८.

यात नवे काय होते? फक्त शेवटची पायरी. बाकी सारे तुमच्या शाळेतल्या वहीत आहे. पण कित्येक मुले (१ + क्ष) चा वर्ग १ + क्ष² असा लिहितात. तसे केले, तर वेग शून्य येतो. म्हणजे पडणारा दगड हवेत थांबला! कॉलेजात जी मुले अडखळतात, त्यांतील बरीचशी कलनात नव्हे, तर या वर्गविस्तारात आणि अपूर्णांकांत अडखळतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉलेजात एक बदल मात्र होतो. बारावीत बहुधा ‘उत्तर काढा’ असे विचारतात. पदवीला ‘हे का खरे आहे, ते सिद्ध करा’ असे विचारतात. उत्तर ९.८ च्या जवळ जाते, म्हणजे किती जवळ? समजा, सरांनी सांगितले, फरक ०.०१ पेक्षा कमी हवा. मग तुम्ही सांगायचे, क्ष ०.००२ पेक्षा लहान ठेवा. सरांनी आणखी कमी फरक मागितला, तरी तुमच्याकडे उत्तर हवे. या दोन आकड्यांना एप्सिलॉन आणि डेल्टा अशी ग्रीक नावे आहेत. ती ऐकून घाबरू नका. पाठांतर मात्र येथे उपयोगी पडत नाही.

राहिला भाषेचा प्रश्न. प्राध्यापक इंग्रजीत भराभर शिकवतात आणि प्रत्येकाची वही तपासत नाहीत. तेव्हा एका वहीत प्रत्येक शब्द उर्दू, मराठी आणि इंग्रजी असा तिन्ही भाषांत लिहीत जा. रोजची उदाहरणे रोज सोडवा. अडले, तर घरातल्या भाईजानला किंवा आपाला विचारा.

आणि उर्दूतून गणित शिकणारे मागे राहतात, असे कुणी म्हटले, तर त्याला मास्टर रामचंद्र यांच्याविषयी सांगा. त्यांचा जन्म १८२१ साली पानिपतला झाला. ते दिल्ली कॉलेजात शिकले आणि तेथेच गणित व विज्ञान शिकवू लागले. त्या कॉलेजात हे विषय उर्दूतून शिकवले जात. एखादी राशी जास्तीत जास्त किंवा कमीत कमी केव्हा होते, असे प्रश्न सहसा कलनाने सोडवतात. रामचंद्रांनी ते नुसत्या बीजगणिताने सोडवले आणि १८५० साली कलकत्त्याला इंग्रजीत पुस्तक छापले. ते लंडनचे गणिती डी मॉर्गन यांच्या वाचनात आले. त्यांना ते इतके आवडले, की १८५९ साली त्यांच्या देखरेखीखाली ते लंडनमध्ये पुन्हा छापले गेले.

आता वही उघडा. तोच दगड, तीच इमारत. बरोबर ३ सेकंद झाले, त्या क्षणी दगडाचा वेग किती? आधी ३ ते ३.१ सेकंद घ्या, मग ३ ते ३.०१, आणि शेवटी क्ष घेऊन करा. उत्तर २९.४ आले पाहिजे.