‘थांब जरा’ म्हणण्याआधी



काचीगुड्याच्या आपल्या रविवारच्या बालसंस्कार वर्गात गेल्या महिन्यात एका पाच वर्षांच्या मुलाने आरती चालू असतानाच ताटातले दोन लाडू उचलले. आम्ही त्याला सगळ्यांदेखत रागावलो. "घरी वळणच नाही," असंही आमच्यातलंच कुणी बोललं. पुढचे दोन रविवार तो आला नाही. आईला फोन केला तेव्हा कळलं, आदल्या रविवारी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर प्रसाद संपला होता. "पुढच्या वेळी तुला पहिला," असं आम्हीच म्हणालो होतो आणि विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

म्हणून या वेळी हाच विषय अभ्यासाला घेतला. लहान मुलांना संयम, चारचौघांतलं वागणं शिकवावं लागतं, की वयाबरोबर आपोआप येतं?

काही भाग वयाचा आहेच. स्वतःला आवरण्याचं काम करणारा मेंदूचा भाग विशीपर्यंत वाढत असतो. तीन वर्षांच्या मुलाने अर्धा तास मांडी घालून बसावं ही अपेक्षाच चुकीची. आजोबा मंडळी म्हणतात, आम्ही नुसत्या डोळ्यांच्या धाकाने गप्प बसायचो. खरंय, पण डोळे वळले की हीच मंडळी आंब्याच्या झाडावर असायची!

अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांवर एक प्रयोग झाला. "थांबलात तर चित्रासाठी चांगले रंग आणून देते," असं मुलांना सांगितलं. निम्म्या मुलांना ते आणून दिले, उरलेल्यांना "नाहीत गं, सॉरी" म्हणून सांगितलं. नंतर प्रत्येकापुढे एक गोळी ठेवली, १५ मिनिटं थांबलं तर दुसरी मिळणार. शब्द पाळलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. शब्द मोडलेली जेमतेम तीन. म्हणजे मुलं हावरट नव्हती, हिशोबी होती. आपल्या लाडूवाल्याचंही तेच.

मूल असं का वागतं हे आधी बघायचं, ही रीत आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात. मुलांना आवड नाही असं ठरवून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मोठ्या मुलांना धाकटं भावंडं सांभाळावं लागतं हे दिसलं, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणल्या. रोज तोंडात असलेला ‘अंगणवाडी’ शब्द कुठून आला, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं.

तर शिकवावं लागतं, हे आमचं मत. रांगेत उभं राहणं, दुसऱ्याला आधी देणं, कुणी बोलत असताना थांबणं हे मुलाला आतून सुचत नाही. पण ते करून दाखवावं लागतं, आणि आपण दिलेला शब्द आधी पाळावा लागतो. आता वर्गात प्रसाद मोजून आणतो, वर पाच जास्त. वाटायचं काम मुलांकडे दिलंय. लाडूवाला परत आलाय. परवा त्याने सगळ्यांना वाटून स्वतःचा शेवटी घेतला, पण ताटात किती उरलेत ते दोनदा मोजून!

घरचा अभ्यास: आठवडाभर कॅलेंडरवर मांडा, मुलाला ‘नंतर देते’ किती वेळा म्हटलं आणि किती वेळा दिलं. रविवारी कॅलेंडरचं ते पान घेऊन या, आम्हीही आमचं आणतोय.